चौकातला खासगी मोबाइल बंद करायचा तर हातात चालणारे मशीन द्या

प्रति,
संपादक,
स.न.वि.वि.

वाहतूक पोलिसांनी कारवाई करताना स्वतःच्या मोबाइलवर वाहनांचे फोटो काढू नयेत आणि ते नंतर सवडीने ई-चलान प्रणालीत टाकू नयेत, असे राज्याच्या वाहतूक विभागाने २०२५ मध्ये परिपत्रक काढून बजावले. तसे करणाऱ्यांवर कारवाई होईल, असेही सांगितले. हा निर्णय योग्य आहे आणि तो टिकला पाहिजे, यासाठी हे पत्र. नुसत्या आदेशाने तो टिकणार नाही, अशी आम्हाला धास्ती वाटते. चौकातला अंमलदार खासगी मोबाइल का काढतो, त्याने नेमके काय बिघडते आणि त्याच्या हातात दुसरे काय द्यायला हवे, या तिन्ही गोष्टींचा विचार एकत्र झाला तरच परिपत्रकाचा उपयोग होईल.

आधी ही पद्धत कशी चालते ते पाहू. ई-चलानचे मशीन म्हणजे हातात मावणारे, कॅमेरा, सिमकार्ड आणि जीपीएस असलेले उपकरण. अंमलदार आपल्या लॉगइनने ते उघडतो, वाहनाचा क्रमांक टाकतो, कलम निवडतो, फोटो काढतो आणि पावती तयार होते. वाहनमालकाच्या नोंदणीकृत मोबाइलवर संदेश जातो. या क्रमात फोटोची वेळ, ठिकाण आणि पावतीची वेळ एकमेकांना धरून असतात. खासगी मोबाइल मध्ये आला की हा क्रम तुटतो. सिग्नलजवळ उभे राहून भराभर पन्नास-साठ नंबर प्लेट टिपल्या जातात. दुपारी किंवा ड्युटी संपताना चौकीत बसून त्या एकेक करून प्रणालीत चढवल्या जातात. कधी गॅलरीतला फोटो घेतात, तर कधी मोबाइलच्या पडद्यावर दिसणाऱ्या फोटोचाच मशीनने पुन्हा फोटो काढतात. सकाळी नऊ वाजताच्या प्रसंगाची पावती सायंकाळी सहाची वेळ दाखवते, आणि स्वारगेटच्या चौकातल्या वाहनाचे ठिकाण दीड किलोमीटरवरच्या चौकीचे निघते. ‘त्या वेळी माझी गाडी तिथे नव्हतीच’ असे मालक म्हणतो तेव्हा तो अनेकदा खरे बोलत असतो. पण त्याच्या चालकाने सकाळी सिग्नल तोडलेला असतो हेही खरेच. खरा गुन्हा अशा रीतीने खोटा वाटू लागतो आणि पोलिसांची बाजू त्यांच्याच हाताने लंगडी होते.

दुसरा घोटाळा क्रमांक वाचण्याचा. केंद्रीय मोटार वाहन नियम ५१ प्रमाणे चारचाकीच्या पाटीवरचे अक्षर ६५ मिलिमीटर उंच असावे लागते. दुचाकीच्या मागच्या पाटीवर अक्षरे ३५ आणि अंक ४० मिलिमीटरचे. एवढेसे अक्षर चालत्या दुचाकीवर, पंधरा-वीस मीटरवरून, मोबाइलचा झूम ताणून टिपले की इंग्रजी ‘बी’चा आठ होतो, ‘डी’ आणि ‘क्यू’चे शून्य होते, एकाचा सात होतो. चिखलाने पाटीचा कोपरा झाकलेला असेल तर शेवटचा अंक अंदाजाने भरला जातो. चौकीत पावती करताना गाडी समोर नसते, त्यामुळे खातरजमा करायला काहीच उरत नाही. समोर गाडी असताना क्रमांक टाकला तर मशीन लगेच वाहनाचा प्रकार, रंग आणि कंपनी दाखवते. समोर लाल दुचाकी आणि पडद्यावर पांढरी मोटार आली की चूक तिथल्या तिथे कळते. सहा तासांनी ती पकडायची तर फोटोत पाटीबरोबर अख्खी गाडीही दिसायला हवी. झूम केलेल्या फोटोत ती नसते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडे फारसे कुणी लक्ष देत नाही. फोटोत गुन्हा दिसला पाहिजे, नुसती पाटी नव्हे. सिग्नल तोडल्याच्या फोटोत लाल दिवा, थांबरेषा आणि वाहन एकाच चौकटीत हवे. नो पार्किंगच्या फोटोत फलक आणि गाडी दोन्ही हवीत, आणि फलकावरची वेळ किंवा सम-विषम तारीख वाचता आली पाहिजे. उलट दिशेने येणाऱ्याच्या फोटोत दुभाजक किंवा रस्त्यावरचा बाण हवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार हेल्मेट पट्ट्याने घट्ट बांधलेले असावे लागते. मागून काढलेल्या फोटोत हनुवटीखालचा पट्टा दिसतच नाही. पुढच्या काचेवर ऊन चमकत असेल तर सीटबेल्ट लावला की नाही हे छातीठोकपणे सांगता येत नाही. लायसन जवळ नसल्याची पावती तर दुरून काढलेल्या फोटोवरून करताच येत नाही, कारण चालकाला थांबवून विचारल्याशिवाय ते कळणार कसे? विमा आणि पीयूसीची मुदत प्रणालीत दिसते, लायसन मागावेच लागते.

कायद्याची चौकट काय सांगते? मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६अ आले. त्यात रस्त्यांवर इलेक्ट्रॉनिक देखरेख ठेवण्याची तरतूद आहे. ती राबवण्यासाठी ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत १६७अ हा नियम घालण्यात आला. कोणती उपकरणे वापरायची हे त्यात नावानिशी दिले आहे: वेग मोजणारा कॅमेरा, सीसीटीव्ही, स्पीड गन, अंगावर लावायचा कॅमेरा, डॅशबोर्डवरचा कॅमेरा, नंबर प्लेट आपोआप वाचणारी यंत्रणा, चालत्या वाहनाचे वजन करणारे यंत्र आणि राज्य सरकार ठरवील ते अन्य तंत्रज्ञान. अशा उपकरणाला राज्याने नेमलेल्या प्राधिकरणाचे मान्यता प्रमाणपत्र लागते आणि ते दरवर्षी नवे करावे लागते. देखरेख चालू असल्याचा फलक लोकांना दिसेल असा लावावा लागतो. गुन्हा आणि नंबर प्लेट स्पष्ट दाखवणारा फोटो, दिनांक, वेळ, ठिकाण, मोडलेले कलम, पुराव्याचे प्रमाणपत्र आणि अधिकृत अधिकाऱ्याची सही हे सगळे नोटिशीबरोबर हवे. ती गुन्ह्यापासून १५ दिवसांत पाठवावी आणि प्रकरण मिटेपर्यंत इलेक्ट्रॉनिक नोंद जपून ठेवावी, असेही २०२१ च्या अधिसूचनेत आहे. अंमलदाराच्या खिशातल्या मोबाइलला असे प्रमाणपत्र कुणी दिलेले नसते. त्यातला फोटो प्रकरण मिटेपर्यंत जपला जाईल याची हमीही कुणी देत नाही. मोबाइल पडतो, चोरीला जातो, विकला जातो, मेमरी भरली म्हणून फोटो पुसले जातात. अंमलदाराची बदली होते आणि मूळ फोटो त्याच्याबरोबर गडचिरोलीला जातो.

पुराव्याचा मुद्दा थोडा सविस्तर सांगायला हवा, कारण यात खुद्द पोलिसांचे हित आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दलच्या जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब ची जागा आता त्यातल्या कलम ६३ ने घेतली आहे. अशा पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच दिला असून त्याचे दोन भाग आहेत. ‘अ’ भाग पुरावा सादर करणाऱ्याने भरायचा, ‘ब’ भाग तज्ज्ञाने. उपकरण कोणते, त्याची कंपनी आणि मॉडेल, रंग, अनुक्रमांक, आयएमईआय क्रमांक (प्रत्येक मोबाइलचा स्वतंत्र ओळख क्रमांक) आणि फाइलची हॅश व्हॅल्यू हे सगळे त्यात लिहावे लागते. हॅश म्हणजे त्या फाइलच्या बोटाचा ठसा. फोटोत एक ठिपका बदलला तरी ठसा बदलतो. मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवर सहकाऱ्याला पाठवला की तो दाबून लहान केला जातो आणि काढल्याची वेळ, जागा वगैरे आतली माहिती गळून पडते. त्यामुळे व्हॉट्सॲपवरून आलेल्या प्रतीचा ठसा मूळ फोटोच्या ठशाशी जुळत नाही. वाहनमालकाने न्यायालयात आव्हान दिले आणि मूळ उपकरण मागितले, तर अंमलदाराला स्वतःचा मोबाइल जमा करण्याची वेळ येऊ शकते. त्यात त्याच्या मुलांचे फोटो असतात, बँकेचे संदेश असतात, घरातली बोलणी असतात. सरकारी कामासाठी त्याने आपला खासगी संसार न्यायालयाच्या टेबलावर का ठेवावा? खासगी मोबाइलवरची बंदी ही पोलिसांवरची शिक्षा आहे असे काही अंमलदारांना वाटते. खरे तर ती त्यांचे संरक्षण आहे आणि वरिष्ठांनी ती त्यांना याच शब्दांत समजावून सांगायला हवी.

यावर एक आक्षेप घेतला जातो की नव्या फौजदारी प्रक्रिया संहितेतच मोबाइल वापरा असे म्हटले आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ मध्ये ध्वनिचित्रमुद्रणासाठी शक्यतो मोबाइल वापरावा, असा उल्लेख आहे हे खरे. पण ते कलम झडती आणि जप्तीसाठी आहे. तिथेही पोलिसांसाठी केलेल्या ई-साक्ष्य ॲपमधून मुद्रण व्हावे आणि ते थेट प्रणालीत जावे अशी व्यवस्था केली आहे. गॅलरीत साठवून सवडीने चढवणे त्यातही अभिप्रेत नाही. अपघाताच्या ठिकाणी मात्र मोबाइल लागतो. आयरॅड आणि ई-डार या केंद्राच्या अपघात नोंदणी व्यवस्थेत जागेवरून मोबाइल ॲपनेच माहिती भरली जाते. म्हणून सरसकट ‘ड्युटीवर मोबाइल नको’ असा नियम करणे शहाणपणाचे नाही. बंदी नेमकी हवी: दंडाच्या कारवाईसाठी खासगी मोबाइलवर फोटो वा चित्रमुद्रण नको, आणि वाहन थांबवलेले असताना अंमलदाराच्या हातात खासगी मोबाइल नको. अपघात, रुग्णवाहिका, कायदा-सुव्यवस्थेचा प्रसंग हे अपवाद लेखी असावेत.

वाहन थांबवलेले असतानाचा मुद्दा वेगळा काढला, कारण त्यात जिवाचा प्रश्न आहे. रहदारीच्या कडेला उभा असलेला माणूस पडद्यात मान घालतो तेव्हा पाठीमागून येणारी गाडी त्याला दिसत नाही. द्रुतगती मार्गावर ताशी १०० किलोमीटरने येणारी मोटार एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर पुढे सरकते. एक संदेश वाचायला चार सेकंद लागले तर तेवढ्यात तिने शंभर मीटरहून अधिक अंतर कापलेले असते. मशीनवर पावती करतानाही मान खाली जातेच. म्हणून नाकाबंदीत दोघांची जोडी हवी. एकाने मशीन पाहायचे, दुसऱ्याने रहदारीकडे तोंड करून उभे राहायचे. मोटार थांबवायची ती मार्गिकेत नव्हे, पूर्ण कडेला. रात्री शंकू आणि चमकती जाकिटे हवीतच. एकटा अंमलदार असेल तर त्याने चालत्या वाहनाला हात दाखवून रस्त्याच्या मधोमध जाऊ नये.

आता अंमलदाराची बाजू. त्याला खासगी मोबाइल काढावासा वाटतो याला सबळ कारणे आहेत. गर्दीच्या वेळी वाहन थांबवले की मागे रांग लागते. दुचाकीस्वार पळून जायला बघतो, त्याला अडवताना दोघेही पडू शकतात. थांबवलेला माणूस ओळखीच्या कुणाला फोन लावतो आणि वाद वाढतो. लांबून फोटो काढला की हे काहीच होत नाही. मग तोच फोटो मशीनने का काढत नाहीत? कारण अनेकदा मशीन हातात नसते. दोन-तीन जणांत एक मशीन फिरते. बॅटरी सकाळी भरलेली असली तरी सतत पडदा चालू, जीपीएस चालू, नेटवर्क शोधणे चालू, यात दुपारपर्यंत ती संपते. जुन्या मशीनचा कॅमेरा दाबल्यावर फोटो निघायला वेळ लागतो, तोवर गाडी निघून गेलेली असते. मे महिन्याच्या उन्हात पडदा दिसत नाही आणि मशीन तापून बंद पडते. पावसात ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. उड्डाणपुलाखाली किंवा घाटात रेंज नसते, त्यामुळे क्रमांक टाकूनही माहिती येत नाही. छापण्याचा रोल संपला तर चालक कागद मागत बसतो. त्यातच दिवसभराचे काम किती चलाने झाली यावर मोजले जात असेल, तर माणूस हाताशी असलेले चांगल्या कॅमेऱ्याचे साधन काढणारच.

म्हणून परिपत्रकाबरोबर साहित्य पाठवावे लागेल. प्रत्येक कारवाईच्या ठिकाणी एक मशीन आणि दर पाच मशीनमागे एक राखीव, हे किमान प्रमाण धरावे. प्रत्येक मशीनबरोबर बदलायची बॅटरी किंवा पॉवर बँक द्यावी आणि ती देताना-घेताना चार्ज किती आहे याची नोंदवहीत एक ओळ लिहावी. मशीनच्या कॅमेऱ्याला पंधरा मीटरवरून दुचाकीची मागची पाटी वाचता आली पाहिजे, ही अट खरेदीच्या वेळीच निविदेत घालावी. भर उन्हात आणि रात्री अशा दोन्ही वेळी ती प्रत्यक्ष तपासून घ्यावी. रेंज नसताना फोटो मशीनमध्ये वेळ-जागेसह बंद स्वरूपात साठावा आणि रेंज आली की आपोआप वर जावा. मधे कुणाला तो उघडता, कापता किंवा बदलता येऊ नये. सर्वांत परिणामकारक उपाय तर संगणकातच आहे. गॅलरीतून फोटो उचलण्याची सोयच प्रणालीतून काढून टाकावी. फोटो फक्त मशीनच्या जिवंत कॅमेऱ्यातून घेतला जाईल, फोटोची वेळ सर्व्हरच्या घड्याळाची असेल, आणि फोटो व पावती यांत ठरावीक मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडले तर पावती पर्यवेक्षकाकडे तपासणीला जाईल. पडद्याचा फोटो काढला तर त्यात पडद्याची कड आणि लाटांसारख्या रेघा दिसतात. अशा पावत्या पर्यवेक्षकाने दररोज वीस-पंचवीस काढून पाहिल्या तरी ही सवय मोडेल. लॉगइन ज्याचे त्याचे असावे. एकाच्या लॉगइनवर तिघे काम करत असतील तर न्यायालयात सही कुणाची धरायची?

अंगावरच्या कॅमेऱ्यांबद्दलही लिहायला हवे. ते नियम १६७अ च्या यादीत आहेत आणि थांबवल्यानंतरचा संवाद त्यात पुरा येतो. चालकाने शिवीगाळ केली तर ती दिसते, अंमलदाराने पावतीऐवजी दुसरे काही सुचवले तर तेही दिसते. पण कॅमेरा केव्हा चालू करायचा हे अंमलदाराच्या मर्जीवर ठेवले तर नेमक्या हव्या त्या प्रसंगी तो बंद निघतो. हात दाखवण्यापूर्वी चालू आणि वाहन निघून गेल्यावर बंद, असा साधा नियम करावा. ड्युटी संपल्यावर कॅमेरा चौकीतल्या डॉकवर, म्हणजे तो अडकवायच्या खाचेत, लावला की चित्रफीत आपोआप उतरावी.

चालकाच्या मोबाइलचा मुद्दाही याच प्रसंगाचा भाग आहे. गाडी चालवताना मोबाइल हातात धरणे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ च्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार धोकादायक वाहन चालवण्यात मोडते. २०२० च्या नियमदुरुस्तीने फक्त रस्ता पाहण्यासाठी, तोही चालकाचे लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने, वापराची मुभा दिली आहे. थांबवल्यावर मात्र मोबाइल काढावाच लागतो, कारण कागदपत्रे त्यातच असतात. केंद्रीय मोटार वाहन नियम १३९ नुसार डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली कागदपत्रे ग्राह्य आहेत आणि ती वैध आढळल्यास मूळ कागद मागता येत नाहीत. इथे चालकांकडून दोन चुका होतात. लायसनचा फोटो काढून गॅलरीत ठेवणे किंवा स्कॅन करून डिजिलॉकरच्या ‘अपलोडेड’ विभागात टाकणे म्हणजे वैध कागद नव्हे. तो ‘इश्यूड’ विभागात, खात्याकडून आलेला असला पाहिजे. दुसरी चूक म्हणजे रस्त्यात थांबल्यावर ॲप शोधायला लागणे, पासवर्ड विसरणे, ओटीपीसाठी रेंज नसणे. घरून निघतानाच लायसन, आरसी, विमा आणि पीयूसी ॲपमध्ये उघडून पाहावेत, म्हणजे ती अडचण येत नाही.

गाडी थांबवायला सांगितले की इंजिन बंद करा, साइड स्टँड किंवा हँडब्रेक लावा, दोन्ही हात दिसतील असे ठेवा आणि मगच मोबाइल काढा. चालू फोन ठेवून द्या. कागद दाखवताना मोबाइल हातातच ठेवून पडदा समोर धरा. एम-परिवहनमधला क्यूआर कोड दाखवला तर अंमलदाराला तो तपासून घेता येतो. उघडा मोबाइल दुसऱ्याच्या हातात देण्याची गरज नाही. कलम १३० लायसन आणि गाडीचे कागद दाखवण्याचे बंधन घालते. आतले संदेश, फोटो किंवा कॉलची यादी पाहण्याचा अधिकार त्या कलमात नाही. मात्र कागद मागितल्यावर ‘आधी माझ्या ओळखीच्या साहेबांशी बोला’ म्हणत मोबाइल अंमलदाराच्या कानाला लावणे पूर्ण बंद झाले पाहिजे. अंमलदारानेही असा फोन घेऊ नये आणि त्याला तशी लेखी मुभा असावी. खासगी मोबाइलवर बंदी घातली तर वरून येणाऱ्या शिफारशींवरही ती लागू पडते, हा तिचा मोठा फायदा आहे.

चालकाने किंवा सोबतच्या माणसाने चित्रफीत काढावी का, हा प्रश्न दर वेळी निघतो. पोलिस ठाणे हे शासकीय गुपिते कायद्यातले निषिद्ध ठिकाण नाही, त्यामुळे तिथे चित्रीकरण करणे हा त्या कायद्याखालचा गुन्हा नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये म्हटले आहे. पोलिस ठाण्याची ही स्थिती असेल तर सार्वजनिक चौकाबद्दल निराळे सांगायला नको. पण चित्रीकरणाच्या नावाखाली अंमलदाराच्या तोंडासमोर मोबाइल नाचवणे, मशीनला हात लावणे, त्याची वाट अडवणे हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २२१ खाली कामात अडथळा ठरू शकते आणि धक्काबुक्की झाली तर कलम १३२ लागते. दोन-अडीच मीटर मागे उभे राहून, मोबाइल छातीच्या उंचीवर धरून, न बोलता चित्रीकरण केले तर अडथळा होत नाही. चालकाने गाडी चालू असताना ते करू नये. काढलेली फीत समाजमाध्यमांवर टाकण्याआधी मागच्या गाडीतल्या बायका-मुलांचे चेहरे आणि इतरांच्या नंबर प्लेट झाका. तक्रार करायची असेल तर फीत तक्रारीसोबत द्या आणि मूळ फाइल तशीच ठेवा. अंमलदाराला खासगी मोबाइलची मनाई केली तर त्याच्या बाजूची नोंद सरकारी कॅमेऱ्यात असली पाहिजे. नाहीतर प्रसंगाची एकच बाजू, तीही कापलेली, लोकांपुढे जाते आणि अंमलदार एकटा पडतो.

पैशांबाबत एकच नियम पाळा. दंड मशीनवर किंवा अधिकृत ई-चलान संकेतस्थळावर आणि ॲपमध्येच भरायचा. कुणाच्याही खासगी क्यूआर कोडवर किंवा मोबाइल क्रमांकावर नाही. पावतीवर चलान क्रमांक असतो. तो नसेल तर पैसे सरकारकडे गेलेले नाहीत असे समजा. व्हॉट्सॲपवर चलान म्हणून ‘एपीके’ फाइल आली तर ती उघडू नका. सरकार चलान अशा फाइलने पाठवत नाही. ती फाइल मोबाइलमधले ओटीपी चोरण्यासाठी असते.

चलानचा संदेश आला आणि फोटो चुकीचा वाटला तर काय करावे हेही सांगतो. ई-चलानच्या संकेतस्थळावर वाहन क्रमांक आणि चासी किंवा इंजिन क्रमांकाचे शेवटचे चार अंक टाकले की चलान आणि फोटो दिसतो. फोटो लगेच साठवून घ्या आणि चार गोष्टी ताडून पाहा: गाडी आपलीच आहे का, फोटोत गुन्हा दिसतो का, फोटोतला उजेड आणि चलानची वेळ जुळतात का, आणि लिहिलेले ठिकाण फोटोत ओळखू येते का. रात्री आठच्या चलानवर भर दुपारची सावली असेल तर तो फोटो नंतर चढवलेला आहे. एकाच जागी काही मिनिटांच्या अंतराने दोन चलाने असतील तर फोटो एकच आहे का ते पाहा. मग महाट्रॅफिक ॲपमधल्या तक्रार विभागात चलान क्रमांकासह नेमका दोष लिहा. ‘अन्याय झाला’ एवढेच लिहू नका. ‘फोटोत लाल दिवा दिसत नाही’, ‘गाडीचा रंग वेगळा आहे’ असे लिहा. त्या वेळी गाडी दुसरीकडे असल्याचा टोलचा किंवा फास्टॅगचा संदेश असेल तर जोडा. तक्रार करायची असेल तर आधी दंड भरू नका. भरल्यावर प्रकरण तडजोडीने मिटले असे धरले जाते. गाडी चालक चालवत असेल तर मालकाने चालकाचे नाव मोटार वाहन कायद्याच्या कलम १३३ प्रमाणे कळवावे. भाड्याच्या गाड्या आणि ट्रक यांच्या मालकांसाठी ही बाब फार महत्त्वाची आहे, कारण न थांबवता केलेल्या चलानाचा भार चालकाऐवजी मालकावर पडतो. गाडी थांबवून लायसनची नोंद घेतली तर जबाबदारी चुकणाऱ्यावरच जाते.

शेवटी एक मागणी जुन्या चलानांबाबत. थकलेली चलाने राष्ट्रीय लोकअदालतीत ठेवली जातात आणि मालकांना नोटिसा जातात. त्यातली जी खासगी मोबाइलच्या फोटोवर आधारलेली आहेत, ज्यांत फोटोची आणि चलानची वेळ जुळत नाही किंवा फोटोत गुन्हा दिसत नाही, ती वाहतूक शाखांनी स्वतःहून वेगळी काढावीत आणि लोकअदालतीपूर्वी रद्द करावीत. प्रणालीत फोटो आणि चलान यांच्या वेळा साठवलेल्या असतील तर ही छाननी संगणकावर करता येईल, त्यासाठी माणसे बसवावी लागणार नाहीत. तसेच कारवाईसाठी वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रकारच्या उपकरणाचे मान्यता प्रमाणपत्र, त्याची तारीख आणि मुदत ई-चलानच्या संकेतस्थळावर जिल्हावार लावावी. चलानवर मशीनचा अनुक्रमांक छापला तर कुणाही वाहनमालकाला तो त्या यादीशी ताडून पाहता येईल.

आपले,
ई-चलानच्या तक्रारींचे काम पाहणारे काही जण, पुणे